‘व्हॅल्यू’ला मराठी शब्द देताना या चुका टाळा

इंग्रजीतल्या ‘व्हॅल्यू’ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. किंमत, मूल्य, मोल, भाव, दर, मोबदला हे शब्द आपापल्या जागी रुळलेले आहेत. त्यांची अदलाबदल केली की वाक्य तर खटकतेच, पण पुष्कळदा पैशांचा हिशेबही चुकतो. भाषांतर करणारे, जाहिरातीचा मजकूर लिहिणारे, सोसायटीच्या नोटिसा काढणारे सचिव, सगळे साधारण त्याच त्या जागी अडखळतात.

शब्द अडला की आधी पाहावे: आकडा अख्ख्या वस्तूचा आहे की एका एककाचा? तो बाजाराने ठरवला, दोघांच्या सौद्यात ठरला, की नियमाने काढला? आणि मुळात तो पैशांत मोजायचा आहे का? अख्ख्या वस्तूची किंमत, एककाचा दर, बाजारात त्या दिवशी निघालेला भाव, सौद्यात ठरलेला मोबदला, नियमाने किंवा हिशेबाने काढलेले मूल्य. पैशांत मावत नाही ते मोल. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागते.

घराच्या कागदांत सगळ्यालाच ‘किंमत’ म्हणणे

सर्वांत महागात पडणारा गोंधळ इथलाच. पुण्यात फ्लॅट घेतला की इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक 2, हाती येते. तिच्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात ठरलेली रक्कम. बाजारभावाच्या रकान्यातला आकडा मात्र शेजारच्या इमारतीत परवा फ्लॅट कितीला गेला यावर ठरत नाही. तो शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यांवरून, म्हणजे लोक ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्यावरून काढलेला असतो. मुद्रांक शुल्क या दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. समजा मोबदला 72 लाख आणि तक्त्यानुसार मूल्य 78 लाख असेल, तर शुल्क 78 लाखांवर. भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘किंमत’ लिहिले, तर शुल्क जास्त का लागले याचा उलगडा वाचणाऱ्याला होणारच नाही.

बँकेचा व्हॅल्युअर जो अहवाल देतो ते मूल्यांकन, आणि तो तिसराच आकडा. चौथा आकडा मिळकतकराच्या बिलावर ‘वार्षिक करपात्र रक्कम’ म्हणून येतो. तो घराच्या विक्रीच्या किमतीपेक्षा कितीतरी लहान दिसतो आणि लोक त्यालाच कर समजून दचकतात किंवा निश्चिंत होतात. पुणे महापालिकेची ही रक्कम मिळकतीच्या अपेक्षित वार्षिक भाड्यावरून निघते आणि कर तिच्या टक्केवारीने लागतो. मुंबईत मात्र 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आकारतात. त्यामुळे मुंबईच्या मजकुरातली ‘भांडवली मूल्य’ ही संज्ञा पुण्याच्या अर्जात तशीच उतरवू नये.

भाव वाचताना एकक सोडून देणे

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले भाव पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून येतात तेव्हा फळभाज्यांच्या डोक्यावर ‘प्रति दहा किलो’ आणि पालेभाज्यांच्या डोक्यावर ‘शेकडा जुडी’ लिहिलेले असते. ही ओळ नजरेतून सुटली की बातमी पुढे पाठवताना घोळ होतो. टोमॅटो 150 ते 250 म्हणजे किलोला 15 ते 25 रुपये. कोथिंबीर 800 ते 1500 म्हणजे जुडी 8 ते 15 रुपयांना. पणन मंडळाच्या तक्त्यात बहुतेक मालाचे दर क्विंटलचे असतात. तोच टोमॅटो तिथे 1500 ते 2500 दिसेल आणि भाव दहापट वाढल्याचा भास होईल.

त्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. ‘आज भाव काय?’ याचे उत्तर म्हणून सर्वसाधारण दर द्यावा. कमाल दर थोड्याशा निवडक मालालाच मिळालेला असू शकतो. तोच ठळक छापला की शेतकऱ्याची फसगत होते, आणि ही चूक क्षम्य नाही.

हमीभाव म्हणजे किमान आधारभूत किंमत. उसाच्या एफआरपीला मात्र ‘रास्त आणि किफायतशीर दर’ म्हणतात आणि तो साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी, जोडलेला असतो. ‘उसाचा हमीभाव’ हे बोलण्यात चालते, अर्जात किंवा निवेदनात चालत नाही. विजेच्या बिलात आणखी एक शब्द आहे, आकार: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. त्याला दर म्हणू नये. युनिटला लागतो तो दर, आणि दराला युनिटांनी गुणून जी रक्कम येते ती वीज आकार.

‘किंमत चुकवली’ आणि ‘महाग किंमत’

‘या निर्णयाची मोठी किंमत चुकवावी लागली’ हे वाक्य हिंदीतून आले आहे आणि मराठीत त्याचा अर्थ उलटा होतो. मराठीत कर चुकवणारा तो भरत नाही, बुडवतो. म्हणून किंमत मोजावी लागली असे लिहावे.

‘किंमत महाग आहे’, ‘स्वस्त दरात’ हेही टाळावे. महाग किंवा स्वस्त होते ती वस्तू. किंमत जास्त किंवा कमी असते, दर वाढतात किंवा उतरतात, भाव चढतात, वधारतात, पडतात. ‘कमी दरात’ किंवा ‘सवलतीच्या दरात’ लिहिले की काम होते. ‘किंमत देणे’ आणि ‘भाव देणे’ यांचा पैशांशी संबंध नसतो: त्याला घरात कोणी किंमत देत नाही, म्हणजे मान देत नाही. ‘भाव खाणे’ तर माणसालाही लागते आणि हंगामाच्या सुरुवातीच्या हापूसलाही.

शेअर, रुपया आणि गाडी

शेअरचे दर्शनी मूल्य, म्हणजे कंपनीने त्याला ठरवून दिलेली मूळ रक्कम, 10 रुपये आणि बाजारातला भाव 840 असू शकतो. कंपनीने 200 टक्के लाभांश जाहीर केला की तो दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरमागे 20 रुपये. 840 च्या दुप्पट रक्कम मिळेल असा अर्थ लावून शेअर घेऊ नयेत.

डॉलरच्या तुलनेत रुपया उतरला की मथळ्यात ‘अवमूल्यन’ येते. बाजारात उतरतो ती घसरण. सरकारने ठरवून रुपयाचा विनिमय दर खाली आणला तरच अवमूल्यन: 6 जून 1966 रोजी डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपये केला, ते अवमूल्यन होते. यंत्राची किंवा गाडीची किंमत वापराने आणि वयाने कमी होते तो घसारा. विमा पॉलिसीतली आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर धरली जाणारी विम्याची रक्कम, हा घसारा वजा करूनच ठरते: गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर 20 टक्के, चार ते पाच वर्षांची असेल तर 50 टक्के. तिला गाडीची ‘किंमत’ म्हटले की दावा करताना वाद ठरलेला.

गणितात ‘मान’ नको

शालेय गणितात चलाची किंमत असते, बहुपदीची किंमत असते. हिंदी व्हिडिओ पाहून मुले ‘एक्सचे मान’ लिहितात. पालकांनी तिथेच दुरुस्त करावे. 5372 मध्ये 3 ची दर्शनी किंमत 3 आणि स्थानिक किंमत 300. गणितात दर्शनी किंमत आणि शेअरबाजारात दर्शनी मूल्य असे का, याला रूढीपलीकडे कारण नाही, पण अदलाबदल करू नये. वास्तव संख्येचे मात्र केवलमूल्य. मातीच्या अहवालातल्या पीएच व्हॅल्यूला ‘सामू’ हा नेटका शब्द आहे. ‘पीएच मूल्य’ लिहायची गरज नाही.

फलकावर आणि निमंत्रणात

नैतिक मूल्ये, जीवनमूल्ये हे शब्द बहुधा अनेकवचनात येतात आणि त्यांच्या जागी किंमत कधीच बसत नाही. ‘अमूल्य प्रवेश’ असा फलक लावू नये: अमूल्य म्हणजे ज्याचे मोल करता येत नाही असे. वस्तू फुकट असेल तर विनामूल्य, शुल्क नसेल तर निःशुल्क, आणि दोन्हींसाठी ‘मोफत’ चालतो. पाहुण्यांचे मार्गदर्शन ‘मोलाचे’ म्हणावे. ‘मौलिक’चा मूळ अर्थ मुळाशी असलेले, स्वतंत्र. पुस्तकावर मात्र ‘मूल्य 250 रुपये’ आणि ‘किंमत 250 रुपये’ दोन्ही बरोबर. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात दोन्ही दिसतील.

छपाईला देण्याआधी शुद्धलेखन पाहावे. मूल्य, मूल्यांकन, अमूल्य यांत दीर्घ ‘मू’, ‘मुल्य’ चूक. किंमत या शब्दावर अनुस्वार आहे, पण विभक्ती किंवा अनेकवचन झाले की तो जातो: किमतीत, किमतीला, किमती वाढल्या.