ऑनलाइन अभ्याससाहित्य तयार करताना आणि पाठवताना या चुका टाळा

शिक्षकाच्या संगणकावर छान दिसणारी फाइल विद्यार्थ्याच्या मोबाइलवर उघडतच नाही, असं सर्रास होतं. 'सर, उघडत नाहीये' असं कळवणारी मुलं थोडी असतात. बाकीची गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, सगळ्यांनी वाचलं. म्हणून पाठवण्याआधी एकदा मुलांच्या जागी बसून पाहा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो परवानगीचा. गूगल ड्राइव्हवरची नवी फाइल साधारणपणे फक्त तुम्हालाच दिसते. नुसती लिंक पाठवली, तर मुलांना परवानगी मागायला सांगितलं जातं आणि तुमच्या ईमेलवर विनंत्यांचा ढीग साचतो. शेअरमध्ये जाऊन 'लिंक असलेले कोणीही' हा पर्याय निवडा आणि बाजूला 'व्ह्यूअर' आहे ना, ते बघा. तिथे 'एडिटर' राहिलं आणि एखाद्या मुलाकडून अर्धं पान पुसलं गेलं, की ते सगळ्यांसाठीच पुसलं जातं. असं झालंच तर घाबरू नका. व्हर्जन हिस्टरीतून आधीची प्रत परत आणता येते. प्रत्येकाने स्वतःच्या प्रतीत लिहायचं असेल, तर डॉक्सच्या लिंकमध्ये शेवटी 'एडिट' हा इंग्रजी शब्द असतो. तो आणि त्यापुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीत 'कॉपी' लिहा. लिंक उघडली की थेट प्रत करायचा पर्याय समोर येतो. पाठवण्याआधी इन्कॉग्निटो विंडोत लिंक उघडून पाहा. तिथे तुमचं लॉगिन नसतं, त्यामुळे मुलांना जे दिसणार तेच तुम्हाला दिसेल.

दुसरी अडचण मराठी फॉन्टची. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स दुसऱ्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उमटतात. या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की आतली अक्षरं उघडी पडतात. नवीन लिहिताना युनिकोडच वापरा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या उपकरणांवर एकच ठरलेला संकेत असणारी पद्धत. जुन्या नोट्स कन्व्हर्टरने बदलता येतात, पण बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, कारण गडबड तिथेच होते. वाचायला द्यायचं साहित्य वर्डमध्ये न पाठवता पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही. मात्र छापील पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ शक्यतो टाळा. तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही.

गूगल फॉर्मवरच्या चाचणीत एक बारीक गोष्ट हमखास सुटते. लघुउत्तराची तपासणी अक्षर न् अक्षर जुळवून होते. उत्तरसूचीत तुम्ही 5 दिलं आणि मुलाने ५ लिहिलं, तर त्याचा गुण जातो. बरोबर लिहूनही चूक ठरलेल्या मुलाला वाईट वाटणारच, म्हणून संभाव्य सगळी रूपं सूचीत घाला. गुण 'लगेच' दाखवायचं ठेवलं, तर सेटिंगप्रमाणे बरोबर उत्तरंही लगेच दिसू शकतात आणि पहिल्याने सोडवलेली चाचणी शेवटच्यापर्यंत उत्तरांसकट पोचते. तिथे 'नंतर, तपासल्यावर' निवडा. 'एकच प्रतिसाद' किंवा फाइल अपलोडचा प्रश्न ठेवला, तर मुलांना गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. ज्यांचं खातं नाही, ती तिथेच अडकतात. आणि 'निकालाचा सारांश दाखवा' हे बंदच असू द्या, नाहीतर एकाची उत्तरं दुसऱ्याला दिसतात.

व्हिडिओ लांबवू नका. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असो, पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नाही, असं त्यात दिसलं. तासाभराचं व्याख्यान एका दमात रेकॉर्ड करण्यापेक्षा एका संकल्पनेला एक छोटा व्हिडिओ करा. स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचूनही दाखवू नका. मूल धड वाचत नाही आणि धड ऐकतही नाही. स्लाइडवर आकृती ठेवा, समजावणं तोंडाने करा. आवाजाकडे मात्र चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र थोडं अस्पष्ट असलं तर चालून जातं, आवाज घुमला की मूल व्हिडिओ बंद करतं.

व्हॉट्सअॅपवर फळ्याचा किंवा आकृतीचा फोटो साधा पाठवला, तर तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

इंटरनेटवर सापडलेलं चित्र फुकट दिसलं म्हणून मोकळं असतंच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर इतरांना वापरायला दिलेली मुभा, आहे का, ते तपासा. 'बीवाय' असेल तर निर्मात्याचं नाव द्यावंच लागतं. 'एनडी' असेल तर त्यात बदल करून किंवा भाषांतर करून पुढे पाठवता येत नाही. तुमच्या स्वतःच्या नोट्सवरही परवाना लिहा. ती एक ओळ नसेल, तर दुसऱ्या शाळेतला प्रामाणिक शिक्षक त्या वापरायला कचरतो.

पाठवल्यावर चूक सापडली तर नवी फाइल, नवी लिंक असं करू नका. जुनी लिंक फिरतच राहते. ड्राइव्हवरच्या पीडीएफसाठी 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन दुरुस्त प्रत चढवा. लिंक तीच राहते, आणि ज्या मुलाने महिन्याभरापूर्वी ती जपून ठेवली होती, त्यालाही दुरुस्त पान उघडतं.