ताटात काय ते आपण ठरवायचं, पोटात किती ते मुलांना ठरवू द्यायचं

प्रायमरीतलं मूल घरात असलं की जेवायची वेळ म्हणजे रोजची भांडणं. आमच्याकडेही तेच होतं, अजून एक घास, बरं हा शेवटचा, एवढी भाजी संपव मग चॉकलेट देते, आणि शेवटी लेक रडतेय, मी चिडलेय आणि भाजी ताटात तशीच. त्यातून कसं बाहेर पडायचं ते सांगते.

सगळ्यात आधी कामं वाटून घ्या. काय करायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी ही पद्धत मांडलीय आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा जीवावर येतं, कारण मूल चार घास खाऊन उठलं की आपला जीव वरखाली होतो. पण या वयात वाढ बाळपणासारखी झपाट्याने होत नाही, वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर उंची आणि २-३ किलो वजन, त्यामुळे एक दिवस दोनदा मागून खाणं आणि दुसऱ्या दिवशी नुसतं चिवडत बसणं हे नॉर्मल आहे. एका जेवणाचा नाही, आठवड्याचा हिशोब बघा. हां, वजन उतरतंय किंवा दोन-चार पदार्थ सोडून मूल कशालाच हात लावत नाही असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

नवीन भाजी मुलांना एकदा दाखवून आवडत नसते. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते आणि आपण मात्र तिसऱ्या वेळेला 'हिला नाहीच आवडत' म्हणून सोडून देतो. मी मटार असे आणले, तिच्या आवडीच्या जेवणाच्या कडेला मोजून पाच दाणे, काही बोलायचं नाही. बरेच दिवस ते तसेच परत गेले, मग एकदा तिने एक दाणा बोटाने दाबला, साल सुटून आतलं हिरवं बाहेर आलं ते बघून हसली, नंतर एकदा चाटून परत ठेवला, आणि मग एक दिवस बोलता बोलता दोन खाऊन टाकले. मी तेव्हाही गप्प बसले, शाब्बासकीचा पाऊस पाडला की त्याचंही प्रेशर येतं.

आणि ती चॉकलेटची लाच बंद करा, अगदी आजपासून. भाजी खाल्लीस तर गोड मिळेल म्हटलं की मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. गोड द्यायचंय तर द्या कधीतरी, पण अटीशिवाय.

भूक लागू द्या हे पण महत्त्वाचं. दिवसभर बिस्किटं, ज्यूस चालू असेल तर जेवायला भूक उरणार कुठून, म्हणून खाण्याच्या वेळा ठरवा, मध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी. कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चमचे, लहान मुलाची दिवसाची मर्यादा जवळपास तिथेच संपते. ६ ते ९ वर्षांच्या मुलांना रोज निदान ३५० ग्रॅम भाज्या-फळं मिळावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, एका जेवणात ते होणं कठीण, म्हणून मधल्या खाण्यात फळ ठेवा.

आता डबा. भरलेला परत आला की आपण आधी ओरडतो, मीही ओरडायचे. मग एका रविवारी तिला घरीच डबा भरून दिला आणि पंधरा मिनिटांचा टायमर लावून समोर बसले, तेव्हा दिसलं की झाकणच तिला उघडत नाहीये, नखं लावून ओढतेय बिचारी, त्यात चार-पाच मिनिटं गेली, आणि अख्खं संत्रं सोलायला तर तिने घेतलंच नाही. म्हणजे प्रॉब्लेम आवडीचा नव्हताच! आता झाकण साधं, संत्र्याच्या फोडी सुट्या करून, सफरचंद कापलं तर काळं पडू नये म्हणून थोडा लिंबाचा रस लावून, आणि सगळं दोन-तीन घासांत उचलता येईल असं. तुम्हीही एकदा असं समोर बसून बघा.

आठवड्यातून एकदा डब्यात काय हवं ते त्यांनाच निवडू द्या, पण दोन पर्यायांतून, गाजर की काकडी असं, 'काय देऊ?' असं मोकळं विचारू नका. शेंगा सोलणं, पानं निवडणं असली कामं द्या, स्वतः सोललेलं तोंडात टाकून बघितलं जातंच. जेवताना टीव्ही, मोबाइल बंद, आपलाही.

आणि शाळेतून आल्यावर 'डबा संपवलास का?' हा पहिला प्रश्न नको. थोड्या वेळाने, दप्तर उतरवून पाणीबिणी पिऊन झालं की विचारा, आज काय उरलं आणि का, मग मुलं खरं कारण सांगतात.