फ्लेक्स छापायला टाकण्याआधी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत वीस वर्षं फ्लेक्स छापतोय. मजकूर मोबाईलवर येतो, गिऱ्हाईक ‘अर्जंट हाय’ म्हणतं, आणि चूक चौकात झळकली की शिव्या मला.

पहिलं म्हणजे दिन. 26 जूनला शाहू महाराजांची जयंती, तोच सामाजिक न्याय दिन. एका वर्षी घाईत दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर गेलं ‘न्याय दीन’. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारा, गरीब. एक निवृत्त मास्तर खाली उभं राहून म्हणाले, “न्याय एवढा केविलवाणा झाला व्हय रे?” फ्लेक्स पदरच्या पैशानं पुन्हा छापला.

‘आर्शिवाद’ तर रोजचाच. शब्द तोडून म्हणा: आ-शी-र्-वाद. र् नंतर येणारं अक्षर कुठलं? वा. रफार त्याच्याच डोक्यावर, म्हणून आशीर्वाद. राजर्षीचंही तसंच, रफार षी वर.

उज्ज्वलला दोन ज, कारण उत् आणि ज्वल. शुभेच्छुकमधला छु ऱ्हस्व. एवढं पाठच करा.

आता दूध. गंगावेशीत धारोष्ण प्यायचं ते दूध दीर्घ, पण प्रत्यय लागला की दुधाचा, दुधात. फूल–फुलांचा, मूल–मुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: गीत–गीताचा.

आणि भावा, ‘माझी मदत कर’ हे हिंदीचं. आपल्यात ‘मला मदत कर’. हे मी गिऱ्हाइकाला न विचारताच बदलतो.