अमेरिकेतल्या महागड्या विद्यापीठांचा हिशोब कसा मांडायचा

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले, तरी बारावीतल्या पोरांचे आई-बाप अजून फायली घेऊन आमच्या नाशिकच्या घरी येतात. पूर्वी एमएससाठी कर्ज हवं असायचं, आता पदवीलाच अमेरिकेत पाठवायचं असतं. प्रश्न ठरलेला: "मॅडम, हार्वर्ड-येल झेपेल का, की एखादं स्वस्तातलं बघू?" स्वस्त-महाग हे फीच्या आकड्यावरून ठरवलं की पुढचं सगळं गणित चुकतं. धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी मी जो कागद मांडला होता, तोच इथे उलगडते.

छापील आकडा एकदाचा बघून घ्या. हार्वर्डचं २०२५-२६ चं शिक्षण शुल्क ५९,३२० डॉलर. राहणं, जेवण आणि बाकीचं शुल्क धरून वर्षाचं बिल ८६,९२६. येलचं बिल ९०,५५०. डॉलर ९० रुपयांना धरला तर वर्षाला ७८ ते ८१ लाख. वर विमानाचं तिकीट, पुस्तकं, थंडीचे कपडे. आरोग्य विमा कुठे बिलात असतो, कुठे नसतो. हे सगळं तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहा आणि पुढे चला. या रकान्यावर जास्त वेळ घालवायचा नाही.

खरी चाळण परदेशी विद्यार्थ्याला मदत देण्याच्या धोरणाची. काही विद्यापीठं प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यावर जेवढी गरज निघेल तेवढी पूर्ण भागवतात, आणि हे परदेशी मुलांनाही लागू असतं. प्रवेशात अशी ऐपत न पाहण्याला नीड-ब्लाइंड म्हणतात. या पहिल्या गटात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमाउथ, ब्राउन ही विद्यापीठं येतात आणि ॲमहर्स्ट, बोडन ही छोटी कॉलेजं. ही छोटी कॉलेजं आपल्याकडे कोणाला ठाऊक नसतात म्हणून यादीतून उडतात. तसं करू नका.

दुसऱ्या गटात स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), कॉर्नेल. प्रवेश दिला तर गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलानं मदत मागितली आहे का, हे निवड करताना बघतात. इथे एक फास आहे. "आधी प्रवेश मिळू दे, मदत नंतर मागू" हा आपला लाडका विचार स्टॅनफर्डमध्ये चालत नाही. परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर चारही वर्षं मागता येत नाही. बाकीच्यांचे नियम त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर शब्दन् शब्द वाचा.

उरलेली विद्यापीठं गरज पूर्ण भागवायचं वचन देत नाहीत. त्यातली काही गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात, आणि ती मोठीही असू शकते. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टी शिष्यवृत्तीत पूर्ण शिक्षण शुल्क माफ होतं. पण "पोरगी बोर्डात आली, आयव्ही लीगवाले स्कॉलरशिप देतीलच" असं कोणी मामा-काका म्हणाले, तर त्यांना शांतपणे सांगा की आयव्ही लीग या गटातल्या हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांपैकी एकही गुणवत्तेवर किंवा खेळावर शिष्यवृत्ती देत नाही. तिथे मदत फक्त ऐपतीवरून.

आता ऐपत. हार्वर्डनं २०२५ मध्ये जाहीर केलं की वार्षिक उत्पन्न १ लाख डॉलरच्या आत असेल तर राहण्या-जेवणासह सगळं मोफत, आणि २ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफ. प्रिन्स्टननं त्याच वर्षी मर्यादा वाढवून सगळं मोफत दीड लाखापर्यंत आणि शिक्षण शुल्क माफी अडीच लाखांपर्यंत नेली. १ लाख डॉलर म्हणजे ९० लाख रुपये. नाशिकमध्ये दोघं नोकरी करणारं, गाडी-फ्लॅटवालं घर तिकडच्या मापानं कमी उत्पन्नाचं ठरतं. हे ऐकून लोक खुर्चीत सरसावून बसतात. मग मी पुढची ओळ वाचायला लावते: मालमत्ता 'सर्वसाधारण' असेल तर. आपली माणसं अडकतात ती याच शब्दांत. पगार बेताचा, पण पाथर्डी फाट्याला गुंतवणुकीचा फ्लॅट, आजोबांची शेती, शेअर, एफडी. राहत्या घराची किंमत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन धरत नाहीत. दुसऱ्या फ्लॅटला ती सूट नाही.

हे सगळं भरायचं सीएसएस प्रोफाइल नावाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये. आकडे रुपयांतच भरता येतात, स्वतः डॉलर करत बसू नका. बहिणीच्या घरचा फॉर्म भरताना दोन ठिकाणी वेळ गेला.

पहिलं ठिकाण घसाऱ्याचं. मेहुण्यांचं अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. रिटर्नमध्ये नफा दिसतो सहा लाख, कारण पाच लाख घसारा, म्हणजे मशीनची वर्षागणिक घटणारी किंमत, वजा झालेला असतो. मेहुणे खूश, "उत्पन्न सहाच लाख दिसतंय." मी म्हटलं, भावोजी, आम्ही बँकेत कर्ज देताना काय करायचो? घसारा परत मिळवायचो, कारण तो पैसा खिशातून गेलेला नसतो. तिकडचे मदत कार्यालयवालेही बहुतेक वेळा तेच करतात. म्हणून आपल्या अंदाजात उत्पन्न अकरा लाख धरायचं, वर बहिणीचा शिक्षिकेचा पगार. मग विद्यापीठाचं मदतीचं पत्र आल्यावर धक्का बसत नाही.

दुसरं ठिकाण निफाडची द्राक्षबाग. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण फॉर्ममध्ये करमुक्त उत्पन्नही विचारतात आणि ते लिहावंच लागतं. सातबाऱ्यावर मेहुण्यांसह तीन भावंडं आणि आजी, चार नावं. अख्ख्या बागेची किंमत टाकली असती तर आमचा कारभार आटोपला असता. आपला हिस्सा तेवढाच लिहायचा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या इंग्रजीत सांगायचं: जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, बाकीच्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. बहिणीला एका सल्लागारानं "जमीन दाखवूच नका" असं सांगितलं होतं, तेही भरभक्कम फी घेऊन. खोटी माहिती उघड झाली तर दिलेला प्रवेश काढून घेतात. असल्या माणसाला दारातूनच निरोप द्या.

अर्जाआधी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता घरचा खर्च किती येईल याचा अंदाज देणारं साधन, वापरून बघा. २०११ पासून अमेरिकन कायद्यानं तो ठेवणं बंधनकारक आहे. मात्र त्याची रचना बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबांसाठी असते, तेव्हा उत्तर दिशा कळण्यापुरतं घ्या. आणि मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नका. तो एकाच ठिकाणी लवकर करायचा अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं बांधून घेणारा असतो. मदत अपुरी पडली तर सुटका मागता येते, पण तोवर दुसरं पत्र हातात नसतं.

पत्रं मार्चअखेर येतात. तेव्हा तक्त्याचा दुसरा रकाना भरायचा, आणि त्यात फक्त परत न करायची रक्कम लिहायची, म्हणजे ग्रँट आणि शिष्यवृत्ती. कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीची अपेक्षित कमाईसुद्धा पत्रात 'मदत' म्हणून बेरजेत घेतलेली असते, ती काढून वेगळी ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवर. ती कमाई पोरीच्या हातखर्चाला जाते, फीला नाही. पहिल्यातून दुसरा रकाना वजा केला की उरतो तो घरातून जाणारा पैसा. तुलना फक्त त्याची करायची.

तीही चार वर्षांची. हार्वर्डचं बिल २०२४-२५ मध्ये ८२,८६६ होतं, म्हणजे वर्षात जवळपास पाच टक्के वाढ. गरजेवरची मदत बिलाबरोबर वाढते. ठरावीक रकमेची शिष्यवृत्ती वाढत नाही. समजा बिल ९०,००० आणि शिष्यवृत्ती वर्षाला ३०,०००. पहिल्या वर्षी घरचे ६०,००० जातात. चार टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी बिल १,०१,००० च्या वर, घरचे ७१,०००. चार वर्षांत २,६२,००० डॉलर, म्हणजे सव्वादोन कोटींच्याही वर. 'तीस हजार डॉलरची स्कॉलरशिप' म्हणून पेढे वाटण्याआधी हा आकडा बघावा. रुपया घसरला तर तो आणखी फुगतो.

कराची एक बाजू कोणी सांगत नाही. शिक्षण शुल्काची मदत करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या मदतीवर अमेरिकेत कर लागतो, आणि परदेशी मुलांकडून विद्यापीठ त्यातले १४ टक्के आधीच कापू शकतं. पूर्ण मदत मिळालेल्या घरालाही मग अचानक दोन-तीन हजार डॉलरची सोय करावी लागते. आपल्या मुलांना एक सवलत मात्र आहे. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथलं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळतं. रिटर्न भरलं की कापलेल्यातला बराचसा पैसा परत येतो. मुलीला पहिल्याच वर्षी हे रिटर्न भरायला शिकवा.

दोन पत्रांत मोठा फरक असेल तर फेरविचार मागा. आपल्याकडे याची लाज वाटते, तिथे वाटत नाही. पत्र मुलीनं स्वतः लिहावं, चार-पाच ओळींचं: तुमच्याकडे यायची मनापासून इच्छा आहे, अमुक विद्यापीठानं घरचा वाटा इतका धरला, तुमचा इतका आहे, वडिलांच्या मशीनचा हप्ता वर्षाला इतका जातो, सोबत पत्र आणि बँकेचा दाखला जोडला आहे, पुन्हा पाहाल का? विनंती हवी, सौदेबाजी नको. आकडा आणि पुरावा नसेल तर पाठवू नका.

कर्जाचं शेवटी बघा, घरचा वाटा ठरल्यावर. बँकेत जाताना मदतीचं पत्र आणि चार वर्षांचा तक्ता दोन्ही न्या. पहिल्याच वर्षाच्या आकड्यावर कर्ज मंजूर करून घेतलं की तिसऱ्या वर्षी वाढीव कर्जासाठी पुन्हा तारण शोधावं लागतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि घरच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर रक्कम बाहेर पाठवली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. होकार बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचा असतो, तेव्हा बँकेचं मंजुरीपत्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हातात हवं. व्हिसासाठी विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं, त्यासाठी पहिल्या वर्षाच्या पैशाचा पुरावा मागतात, तिथे तेच लागतं.