वर्गातली झेरॉक्स, गॅदरिंगचं गाणं आणि कॉपीराइट

स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारा नियम म्हणजे ‘पुस्तकाची दहा टक्के पानं आणि गाण्याची तीस सेकंदं चालतात’. भारतीय कायद्यात असा आकडा कुठेही नाही. ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराची मुभा, ही अमेरिकी कायद्यातली तरतूद. तिथेही चार निकष आहेत, टक्केवारी नाही. ठाण्यातल्या शाळेला लागू होतो तो आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, आणि त्याचं कलम ५२ शिक्षकाला बरीच मोकळीक देतं. घोळ होतो तो वर्गासाठी घेतलेलं साहित्य वर्गाबाहेर गेलं की.

आधी झेरॉक्स. कलम ५२(१)(आय) नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी साहित्याची प्रत काढू शकतात; प्रश्नपत्रिकेत उतारा देणंही त्यातच आलं. शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त तासाची पस्तीस मिनिटं नव्हेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की अभ्यासक्रमासाठीचं वाचनसाहित्यही यात बसतं, आणि बघायचं ते एवढंच की शिकवण्यासाठी तेवढा मजकूर खरोखर लागतो का. प्रती दुकानदाराने काढून दिल्या म्हणून फरक पडत नाही. प्रकाशकांनी २०१७ मध्ये दावा मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयावर हा निकाल बंधनकारक नाही, पण वजनदार नक्कीच आहे.

म्हणजे नववीच्या वर्गात एका कथेवर चर्चा घ्यायची असेल तर पटावर जितकी मुलं तितक्या प्रती काढा, पण त्या कथेच्याच. अख्ख्या संग्रहाच्या नकोत. बाजारात मिळणारी स्वाध्यायपुस्तिका स्पायरल करून वाटली, तर ते शिकवणं कमी आणि खरेदी टाळणं जास्त. आणखी एक नेहमीची चूक: शाळेजवळच्या दुकानात ‘मास्टर कॉपी’ ठेवून येणे. तिथून ती कुणालाही विकली जाते आणि कलमाचं संरक्षण तिथेच संपतं. मूळ प्रत काम झालं की परत घ्या, मुलांकडून छपाईच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेऊ नका, आणि पानाच्या तळाशी लेखक, पुस्तक, प्रकाशक, इयत्ता, वर्ष लिहा. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं मात्र समजू नका.

गॅदरिंगचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. कलम ५२(१)(जे) प्रमाणे शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक, गाणं सादर करायला किंवा ध्वनिमुद्रित गाणं वाजवायला मुभा आहे. अट एकच: प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी. कार्यक्रम शाळेच्या पटांगणावर असो, गडकरी रंगायतनात असो की वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, जागेने फरक पडत नाही. तिकीट लावून दारं सर्वांना उघडली की पडतो. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं की प्रेक्षकांची मर्यादा तिथेच मोडते; मग व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा तो काढला जातो, आणि दोष बिचाऱ्या नृत्य बसवणाऱ्या बाईंवर येतो.

‘संतांचा अभंग आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ हे अर्धंच खरं. शब्द मोकळे आहेत. आधुनिक संगीतकाराची चाल आणि कंपनीचं ध्वनिमुद्रण हे वेगळे हक्क. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. प्रक्षेपण करायचंच असेल तर मुलांकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या.

हिशेब सोपा आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सर्वांना मोकळं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित. जुन्या पुस्तकाची नवी प्रस्तावना, टिपा किंवा चित्रं यांचा हक्क मात्र वेगळा मोजायचा.

पीडीएफ फक्त त्या वर्गाच्या लॉगिनमागे ठेवा, शाळेच्या संकेतस्थळावर नको. ई-बालभारतीची पुस्तकं तर दुव्यानेच द्यावीत. फाइल फिरवण्याची गरजच नाही.

शाळेच्या वार्षिकांकात छापलेल्या निबंधाचा हक्क मुलाचाच असतो, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या. उलट, नोकरीचा भाग म्हणून शिक्षकाने केलेल्या वर्कशीटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, संस्थेचा.

वर्गाबाहेरच्या वापरासाठी प्रकाशकाला पत्र लिहा. पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. कोणती पानं, किती प्रती, छापील की ऑनलाइन, किती काळ, मोफत की सशुल्क, हे पाचही मुद्दे पत्रात हवेत. आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, तोवर दुसरा उतारा शोधून ठेवा.