रुआहाची सफारी ठरवताय? या चुका टाळा

मसाई मारा आणि सेरेंगेटी सोडून दक्षिण टांझानियातल्या रुआहाची चौकशी करणारी मराठी मंडळी आता वरचेवर भेटतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. साधारण २०,००० चौरस किलोमीटरचं हे उद्यान म्हणजे गोरखचिंचेची, इंग्रजीत बाओबाबची, प्रचंड झाडं, हत्तींचे कळप, रानकुत्री आणि दिवसभरात मोजक्याच गाड्या. पण प्रत्येक जण त्याच त्या चुका घेऊन येतो आणि तेच सांगून सांगून मी थकले आहे. म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मे महिना. "मुलांना सुट्टी असते आणि ताडोबालाही आम्ही मेमध्येच जातो," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. ताडोबात मे चांगला, कारण तेव्हा पाणवठे आटलेले असतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावर येतंच. रुआहा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल, त्यामुळे तिथला मे हा ताडोबातल्या ऑक्टोबरसारखा. गवत माणसाच्या उंचीचं, पाणी जागोजागी आणि प्राणी रानभर पांगलेले.

हे मी स्वतः भोगलंय. पहिल्या वेळी एप्रिलच्या सुरुवातीला गेले, कारण दर जवळजवळ निम्मा होता आणि एजंटने "हिरवा हंगाम, फोटो सुंदर येतात" असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतली. चालकाने फावड्याने चिखल उपसला, आम्ही चाकांखाली फांद्या टाकल्या आणि बाहेर पडायला अडीच तास लागले. चार दिवसांत सिंहाचं शेपूटही दिसलं नाही.

नंतर सप्टेंबरअखेर पुन्हा गेले. म्वागुसी नदीचं पात्र पूर्ण कोरडं, नुसती वाळू. एक हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरत होती, मग सोंडेने ती बाजूला सारत होती. सोंड निम्मी आत जाईल एवढा खड्डा झाल्यावर ती थांबली. पाणी हळूहळू झिरपलं. पहिलं गढूळ पाणी तिने बाहेर फेकलं, पुन्हा थांबली आणि मगच प्यायली. पिल्लू मध्येच सोंड खुपसायला बघायचं, ती त्याला पायाने हलकेच मागे सारायची. पाऊण तास आमच्या गाडीत कोणी बोललं नाही. त्याच दिवसांत ग्रेट रुआहा नदीच्या उरलेल्या डोहांत पाणघोडे आणि मगरी दाटीवाटीने असतात. वरच्या अंगाला उसांगूच्या पट्ट्यात भातशेतीसाठी पाणी उचललं जातं, त्यामुळे १९९३ पासून ही नदी कोरड्या महिन्यांत वाहायचीच थांबते. म्हणून माझं ठाम मत, जून ते ऑक्टोबर. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर उत्तम, फक्त उकाड्याची तयारी ठेवा. नोव्हेंबरात पहिल्या सरींचा धोका असतो.

दुसरी चूक घाईची. आठ दिवसांत सेरेंगेटी, रुआहा आणि पश्चिम टांझानियातलं कटावी उद्यान असा बेत कागदावर सहज बसतो. पण दार-ए-सलामहून इरिंगाच सुमारे ५०० किलोमीटर. वाटेत मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून रस्ता जातो, तिथे वेग ५० च्या आत ठेवावा लागतो. इरिंगापुढे अजून शंभरावर किलोमीटर, म्हणजे एक अख्खा दिवस गाडीतच गेला. मी रुआहात चार रात्रींपेक्षा कमी राहत नाही आणि कटावी वेगळ्या खेपेला ठेवते. यादीवर खुणा करत पळायचं असेल तर या जंगलाच्या वाट्याला जाऊ नका. 'बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा, गेंडा) पुरे करायला तर नकोच, इथे गेंडा नाही.

छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलोच्या आत, कॅमेऱ्यासकट, आणि बॅग मऊ कापडी. आमच्यातल्या एकाची कडक ट्रॉली विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात शिरेना. वैमानिकाने ती धावपट्टीवरच उतरवली आणि बिचाऱ्याने चार दिवस माझ्या नवऱ्याचे शर्ट घातले.

निळे आणि काळे कपडे घरीच ठेवा. त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात आणि कापडातूनही चावतात. डासांचं मलम त्यांना फारसं रोखत नाही.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे परतताना भारतात तो मागू शकतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच सुमारास डॉक्टरांना विचारून घ्या.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, टांझानियात १ जून २०१९ पासून पर्यटकांनाही बंदी आहे. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या आणि कोऱ्या घ्या.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. किराणा शेकडो किलोमीटरवरून येतो, पोचल्यावर सांगून आचाऱ्याला डाळ कुठून मिळणार? मी तरी मेतकुटाची पुडी आणि लिंबाचं लोणचं सोबत ठेवते. तिथे भात मिळतोच.