किडनी प्रत्यारोपणानंतर आधी खुर्ची, मग ट्रॅक

टाके दुखतात म्हणून सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असतं, पण खरी झीज मांड्यांत झालेली असते. डायलिसिसच्या काळात हालचाल कमी झालेली, त्यात प्रेडनिसोलोन (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं स्टेरॉइड) खुब्या-मांड्यांचे मोठे स्नायू आधी अशक्त करतं. खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, ही त्याची खूण. म्हणून सर्जनने परवानगी दिली की सुरुवात खुर्चीपासून करावी.

पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, हात मांडीवर. उठताना श्वास सोडा, बसताना घ्या. दम रोखून जोर लावला की पोटात दाब वाढतो, आणि ताज्या जखमेत हर्निया व्हायला तेवढं पुरतं. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. सोपं वाटलं की दहा. धपकन बसू नका, मांडीचं खरं काम सावकाश बसण्यात होतं. पलंगावरून मात्र सरळ उठायचं नाही. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठा.

चालणं आधी घरातच, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा. पुढे नाशिकमध्ये कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान चालेल, पण गर्दीची वेळ टाळून, मास्क आणि टोपी घालून. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना उन्हाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पांडवलेणीच्या पायऱ्या तीन महिन्यांआधी नकोत. रामकुंडात बुडी तर नकोच, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते.

पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नका: दळणाचा डबा, पाण्याची कळशी, सगळंच आलं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर पिशवी लटकवू नका. नवी किडनी ओटीपोटात, बरगड्यांच्या आडोशाबाहेर असते. कुस्ती-कबड्डी कायमची बंद.

ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर, लघवी कमी किंवा लाल, किडनीच्या जागी दुखणं, एका दिवसात किलोभर वजन वाढणं: यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा.

हृदय प्रत्यारोपण झालेल्यांनी हा क्रम वापरू नये. त्यांच्या नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, नाडी उशिरा चढते आणि उशिरा उतरते.

रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी जोराचा व्यायाम टाळा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) तात्पुरतं वर जातं आणि घरात उगाच घबराट उडते.